ऑगस्ट्याचं कुत्रं

मंचरच्या टेलिफोन खात्यातल्या रवींद्र लाइनमनला तलवारींचं वेड आहे, हे आंबेगाव आणि जुन्नर दोन्ही तालुक्यांत ठाऊक झालं होतं. वेडही साधंसुधं नव्हे. कुणी पेशवाईतली तलवार पुढं केली, तर हा नुसता ‘छान आहे’ म्हणायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. ह्याला हवी असायची जर्मन घोडदळाची तलवार, तीही पात्यावर नक्षी काढलेली. शिवनेरीच्या मुलखात राहून जर्मन स्वारांच्या तलवारी धुंडाळणारा माणूस म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. “काय रवीभाऊ, आपल्यातल्या तलवारी संपल्या व्हय?” असं चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारायचंच, आणि रवींद्र हसून शिडी खांद्यावर टाकायचा.

खरं तर त्या शिडीनंच त्याला हे वेड लावलं. नव्वदनंतर खेड्याखेड्यांत फोन यायला लागले आणि लाइनमनला जावयाचा मान मिळू लागला. वायर आत घ्यायची म्हणून तो लोकांच्या माळ्यावर चढायचा आणि घरच्यांना ठाऊक नसलेल्या वस्तू ह्याच्या नजरेला पडायच्या. चौऱ्याण्णव साली जुन्नरला रखमाजी नावाच्या शेतकऱ्याकडं वायर ओढताना कणगीमागं एक लांब, जराशी वाकडी तलवार निघाली. रखमाजीचा आजा पहिल्या महायुद्धात लामावर, म्हणजे परमुलखातल्या लढाईवर गेला होता, त्यानं ती आणली होती म्हणे. आता घरची पोरं तिनं चिंचा पाडत होती. रवींद्रनं पातं फडक्यानं पुसलं, तर गंजाखालून वेलबुट्टी दिसली, एकमेकांत अडकवलेले झेंडे दिसले, काही परकी अक्षरं दिसली. पात्याच्या कण्यावर सोलिंगन ह्या गावाचं नाव ठोकलेलं होतं. हेच नाव त्यानं लहानपणापासून मंचरच्या न्हाव्याच्या वस्तऱ्यावर वाचलेलं. वस्तऱ्याच्या गावची तलवार जुन्नरच्या माळ्यावर बघून गडी हरखूनच गेला.

“न्या की राव,” रखमाजी म्हणाला. “आमच्या फोनची रिंग तेवढी नीट वाजू द्या.”

पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंनी ती अक्षरं वाचून दिली. ‘माझ्या नोकरीच्या दिवसांची आठवण’ असं लिहिलं होतं, आणि पुढं नाव होतं, ऑगस्ट केलर. बाई म्हणाल्या, “हा कुणी सरदार नव्हे हो. साधा स्वार. तिकडे नोकरी संपवून घरी जाताना शिपाई स्वतःच्या पगारातून अशी तलवार करून घ्यायचे आणि पात्यावर आपलं नाव घालायचे.”

हे ऐकलं आणि रवींद्रला बाप आठवला. भागुजी फौजेत शिपाई होता. नोकरी संपवून घरी आला तो एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव होतं, तेही दोन पावसाळ्यांत उडालं. आपल्याकडं तलवार म्हटली की ती सरदाराची, इनामदाराची. शिपायाच्या नावाची तलवार रवींद्रनं जन्मात पहिल्यांदा हातात घेतली होती, आणि ती ठेवायला त्यानं घरात काचेचं कपाट करून घेतलं. पुढं आणखी तीन तलवारी त्यात आल्या, पण मानाची जागा ह्या पहिलीचीच राहिली.

ह्या वेडात त्याला साथ होती एकाच माणसाची, भरतची. दोघं मूळचे पेठ गावचे, मराठी शाळेत एका बाकावरचे. मंचरच्या स्टँडजवळ भरतचं पाट्यांचं दुकान होतं. पितळेच्या पत्र्यावर मेण लावायचं, मेणात सुईनं अक्षरं काढायची आणि वरून ॲसिड सोडायचं. मेण नसेल तिथलं पितळ ॲसिड खातं आणि नाव उमटतं. निम्म्या तालुक्याच्या दारावरची नावं भरतच्या हातची होती. त्यानं पातं डोळ्याजवळ धरलं आणि मांडीवर थाप मारली. “आरं रव्या, ह्ये छिन्नीचं काम न्हाई! मेन लावून ॲसिडनं खाल्लंय. माझाच धंदा हाय की ह्यो!” मग नाव ऐकून तो आणखीच हसला. “ऑगस्ट? आपल्याकडं श्रावण्या असतो, तसा ह्यो ऑगस्ट्या!”

तेव्हापासून त्या तलवारीचं नावच ऑगस्ट्या पडलं. भरतनं पात्यावर कागद धरून पेन्सिलीनं घासून नक्षीचा ठसा घेतला आणि दुकानात भिंतीला लावला. रवींद्र दर रविवारी तिथं जाऊन बसायचा. जर्मन स्वार कसे, त्यांच्या टोकदार टोप्या कशा, खरं पातं कसं ओळखायचं, हे जे जे त्याला कुठून कुठून कळायचं ते तो भरतला सांगायचा. शहाण्या माणसानं एवढं सगळं एका जागी ओतू नये. पण मैत्रीत शहाणपण कोण बघतं?

ऑगस्ट्याच्या पात्यात एक उणीव होती. झेंडे आणि अक्षरं यांच्यामधे एका घोडेस्वाराचं चित्र होतं, पण ते गंजानं खाल्लेलं. टोपीचं टोक दिसायचं आणि घोड्याचे मागचे पाय. मधलं सगळं काळं. सत्त्याण्णव साली भरत म्हणाला, “ह्यो गंज असाच ऱ्हायला तर समदं पातं गिळंल. माझ्यापाशी ठेव. माझ्या हातानं साफ करून देतो.” रवींद्रनं तलवार जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्या हवाली केली. दिवाळी आली नि गेली. रवींद्र विचारायला गेला की भरत म्हणायचा, “तेलात हाय अजून. घाई करू नगंस.”

आणि एके दिवशी त्यानं तलवार आणून दिली. रवींद्रनं धोतर उलगडलं आणि बघतच राहिला. गंज साफ गेलेला, आणि मधोमध स्वार ठसठशीत. एक पाय उचललेला घोडा, टोकदार टोपी घातलेला स्वार, आणि घोड्याच्या पायाशी, कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं, एक कुत्रं! रवींद्रच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं भरतला मिठी मारली.

“कुत्रं गंजाखाली झोपलं व्हतं,” भरत म्हणाला. “म्या फकस्त उठवलं.”

पुढची काही वर्षं त्या कुत्र्याचीच होती म्हणा ना. घरी कोणी आलं, मग तो बँकेचा साहेब असो नाहीतर शाळेतली पोरं, रवींद्र आधी कुत्रं दाखवायचा. बिचारा ऑगस्ट्या, तो सांगायचा, मुलूखभर फिरणारा शिपाईगडी. त्याला जवळचं असं एक कुत्रंच असणार, म्हणून तर पदरचे पैसे घालून त्यानं ते पात्यावर काढून घेतलं! स्वार घोड्याच्या मानेशी सरकून बसलेला होता आणि त्याच्या पाठीमागं खोगीर रिकामं होतं, त्याचीही रवींद्रनं उपपत्ती लावली होती. तिथं म्हणे शिपायाचं सामान बांधायचं असे. पुण्याच्या बाई तोवर मुलाकडं परदेशी गेल्या होत्या. नाहीतर त्यांनाही त्यानं हे सांगितलंच असतं. पेठला भरतच्या घरी, बाहेरच्या खोलीत चहा पिताना, तर त्यानं ही गोष्ट कितीदा तरी सांगितली. भरतची बायको कपबशा घेऊन यायची, भरतची आई साळुबाई कोपऱ्यात बसून ऐकायची, आणि सगळे खुशीत असायचे.

दोन हजार तीन साली रवींद्रच्या आईच्या, द्रौपदाच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कित्येक वर्षं तिला समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागायचं. नवा चष्मा आला आणि म्हातारी घरभर हिंडून एकेक वस्तू पहिल्यांदा बघितल्यासारखी बघायला लागली. नात स्वप्नाला म्हणाली, “तू येवढी काळी कवा झालीस गं?” टीव्हीवरची धूळ तिनं दाखवली, सुनेनं लपवलेली फुटकी बशी शोधून काढली, आणि मग ती काचेच्या कपाटापाशी आली.

रवींद्रला तर हेच हवं होतं. त्यानं ऑगस्ट्या काढून तिच्या मांडीवर ठेवला. “बघ आये. जर्मनीचा स्वार. आन् ह्ये त्याचं कुत्रं.”

द्रौपदानं पातं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग ती खुदकन हसली.

“आरं, ह्यो तर खंडोबा हाय! ह्याला टोपी कुनी घातली?”

“कसला खंडोबा, आये? जर्मन हाय त्यो.”

“मला शिकवतोस व्हय? लगीन होऊन आले तवा समदे टाक चिचंनं म्याच घासायचे. आपल्या देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्याचा खंडोबा व्हता, असाच. पेठंच्या सोनारापाशी एकच ठसा व्हता, समद्या गावाचा खंडोबा त्याच ठशाचा. बघ, ह्ये कुत्रं घोड्याच्या खुरावर पाय ठिवून हुभंय. सोनार चुकला व्हता, त्यावरनं आमी बाया हसायचो. कुत्रं खुराखाली चेंगरंल की म्हनायचो.” तिनं रिकाम्या खोगिरावर बोट ठेवलं. “आन् हितं म्हाळसाबाई असती. तिला कुठं उतरवलं रं?”

स्वप्ना हसली. रवींद्र हसला नाही. द्रौपदा मात्र आठवणीत रमून गेली होती. छप्पन साली बाबासाहेबांनी धम्म दिला, त्यानंतर सासऱ्यानं देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधले आणि नदीच्या डोहात सोडले. त्या दिवसानंतर तिनं हा घोडा बघितला तो आज. रवींद्र त्या वेळी जेमतेम रांगत होता. त्यानं खंडोबा पाहिला तो कॅलेंडरावरचा, रंगीत, हळदीनं माखलेला. देव्हाऱ्यातला टाक त्यानं कधीच पाहिला नव्हता.

त्यानं तलवार उन्हात नेली. मुठीजवळ गंजाचे खोल खळगे होते, पहिल्या दिवसापासून बोटाला लागायचे. आता बोट फिरवलं तर पातं सपाट. गंज घासून जातो, पण खळगा भरून येत नाही; हे तर तो स्वतःच लोकांना सांगायचा. कुत्र्याच्या नादात इतकी वर्षं त्यानं तिथं बोटच लावलं नव्हतं. तरीसुद्धा एम-एटी गाडीला किक मारताना तो स्वतःला सांगत होता की भरतकडं ह्याचं काहीतरी उत्तर असेल. भरतकडं उत्तर असलंच पाहिजे.

पेठला भरत घरी नव्हता. साळुबाई ओट्यावर मटार सोलत बसली होती.

“ये रवी, बस. येईलच त्यो.”

“मावशी,” रवींद्र म्हणाला, “तुमच्या देव्हाऱ्यातला खंडोबा बघायचाय मला.”

साळुबाईनं त्याच्याकडं जरा टक लावून बघितलं, मग हात झटकून ती आत गेली. रवींद्र बाहेरच्या खोलीत उभा राहिला. शाळेत असल्यापासून तो ह्या घरी येत होता. इथं जेवला होता, भरतच्या लग्नात इथंच राबला होता. पण ह्या खोलीच्या पुढं तो कधी गेला नव्हता. कोणी जाऊ नको म्हटलं नव्हतं, आणि आत ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. आजही साळुबाईनं त्याला आत बोलावलं नाही. तिनं टाक ताम्हनात ठेवून बाहेर आणला.

चांदीचा पत्रा हळदीनं पिवळा झालेला. एक पाय उचललेला घोडा. पुढं मानेशी सरकलेला खंडोबा, मागं म्हाळसा. आणि खुरावर पाय ठेवून उभं असलेलं कुत्रं.

“कळलं म्हन की येकदाचं!” साळुबाई हसत म्हणाली. तिच्या हसण्यात कपट नव्हतं, हेच वाईट होतं. “भरत म्हनायचा, रव्याच्या कपाटात आपला खंडोबा बसवलाय, टोपी घालून. तू कुत्र्याचं सांगाया लागलास की सूनबाई तोंडाला पदर लावून आत पळायची. मला वाटलं, तुमा दोघांची गंमत असंल. तुला बी ठावं असंल.”

रवींद्रला आपले कान तापल्याचं जाणवलं. ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीवर बसून, हातवारे करकरून सांगितलेली ती गोष्ट. आणखी घे म्हणून आग्रहानं दिलेला चहा. आणि आतल्या दाराआड दाबलेलं हसू. सगळं घर हसत होतं, एकट्या त्याला सोडून.

तेवढ्यात भरत आला. ताम्हनाकडं एकदा बघितलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. साळुबाई दोघांच्या तोंडाकडं बघून टाक घेऊन गुपचूप आत गेली.

“माझी तलवार कुठाय?” रवींद्रनं विचारलं.

भरत खाली बसला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. “मुंबईचा येक जन दुकानात आला व्हता. भितीवरचा ठसा बघून मागंच लागला. मला तवा नवं मशीन घ्यायचं व्हतं, त्याला इकली. तसलीच येक बिननक्षीची, त्याच गावच्या शिक्क्याची, अगदी तशाच मुठीची, खेडच्या भंगारात घावली व्हती. तिच्यावर तुझी नक्षी काढली.”

ते मशीन दुकानात आलं त्या दिवशी भरतनं फीत रवींद्रच्याच हातून कापून घेतली होती. आपल्या बालमित्राचा मान म्हणून.

“तुझं काय गेलं, रव्या?” भरत म्हणाला. “तुझी गंजलेली व्हती. म्या तुला तिच्यापरीस बरी दिली. तू खूश व्हतास.”

“आन् कुत्रं?”

“गंजाखाली काय व्हतं ते मला काय ठावं? घोडा म्हनलं की माझा हात त्योच येक घोडा काढतो. ल्हानपनापासनं रोज बघितलाय. काढून झाल्यावर ध्यानात आलं.”

“मग पुसलं का न्हाईस?”

भरत जमिनीकडं बघत म्हणाला, “म्हनलं, तुला कुठं कळतंय. तुमच्यात टाक नसत्यात.”

“चौथीत व्हतो आपन,” रवींद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. “पोरं टाकाचं बोलायची तवा मी नुसता मान हालवायचो. टाक म्हंजे काय, कसला दिसतो, मला काय बी ठावं नव्हतं. हसतील म्हनून कुनाला इचारलं न्हाई. येकट्या तुला सांगितलं. तू म्हनलास, कुनाला सांगनार न्हाई. आन् न्हाईच सांगितलंस. तीस-बत्तीस वर्सं जपून ठिवलंस, आन् माझ्यावरच वापरलंस.”

“चूक झाली रव्या. तलवार इकली ती चूक झाली. तू म्हनशील ते—”

“तलवार चोर बी नेतो,” रवींद्र म्हणाला. “चोर काय मला घरी बसवून, च्या पाजून कुत्र्याची गोष्ट ऐकत बसत न्हाई.”

तो निघाला. आतून साळुबाईनं हाक मारली, “रवी, च्या टाकलाय रं.” त्या घरचा चहा न घेता तो त्या दिवशी पहिल्यांदा गेला.

घरी आल्यावर त्यानं सगळं आईला सांगितलं, आणि सांगता सांगता पन्नाशीला आलेला तो माणूस पोरासारखा रडला. द्रौपदा जरा चिडलीच. “लोखंडाच्या तुकड्यापायी रडतोस व्हय? तुझ्या आज्यानं देव पान्यात सोडले, तवा कुनाच्या डोळ्याला पानी आलं न्हाई.”

“तलवारीसाठी न्हाई गं, आये. भरतसाठी.”

ह्यावर मात्र म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या पावसाळ्यात स्टँडजवळच्या फोनांची एक केबल पाण्यानं खराब झाली. बिघाडाच्या तक्रारी आल्या, त्यात भरतच्या दुकानाचीही होती. रवींद्रला ते काम दुसऱ्या लाइनमनवर ढकलता आलं असतं. त्यानं ढकललं नाही. खांबावर चढून त्यानं जोड उघडले, वायरी पुसल्या, एकेक नंबर जोडत गेला. जोडणी झाली की फोन लावून बघायचा, पलीकडून माणूस बोलला की काम झालं, ही खात्याची रीत. भरतचा नंबर आला. दुकान खांबावरून समोरच दिसत होतं. घंटा वाजली, आणि आत भरत लगबगीनं फोनाकडं गेलेला त्याला दिसला.

“हॅलो? कोन?” भरतचा आवाज अगदी कानात आला. मग त्यानं काचेतून वर बघितलं असावं. “रव्या? रव्या, तूच हायस ना? बोल की रं. आरं, काय तरी बोल.”

“टेलिफोन खात्यातून बोलतोय,” रवींद्र म्हणाला. “तुमची लाइन चालू झालीय, बघून घ्या.”

आणि त्यानं पुढच्या नंबरची वायर हातात घेतली.